न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस

सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की गाव संपता संपता जो डिझेलपंप लागतो, त्याचा मी मॅनेजर. ट्रक ड्रायव्हरांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, आणि ट्रकमालकांबद्दल तर त्याहून वाईट. ड्रायव्हर डिझेल चोरतो म्हणून मालक ओरडतो, मालक पगार चोरतो म्हणून ड्रायव्हर ओरडतो, आणि दोघंही माझ्या मीटरवर संशय घेतात. या सगळ्यात एक माणूस असा होता की तो आला की मी आपणहून खुर्ची पुढे करायचो. तो म्हणजे प्रभाकरभाऊ.

प्रभाकरभाऊ मूळचे लोधीखेड्याचे. तरुणपणी पांढुर्ण्याच्या संत्र्यांची गाडी घेऊन दिल्लीला जायचे. संत्र्याची गाडी म्हणजे जिवाची घाई, माल सडायच्या आत मंडीत पोचायला हवा. बाकीचे ड्रायव्हर गाडी बडवत न्यायचे. प्रभाकरभाऊ त्यांच्या मागोमाग, फार तर चहा पिण्याइतक्या उशिरानं पोचायचे आणि टाकीत सगळ्यांपेक्षा जास्त डिझेल शिल्लक असायचं. 'एवरेज काढावा तर प्रभाकरभाऊनं,' असं पांढुर्ण्यापासून छिंदवाड्यापर्यंत बोललं जायचं. एवरेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर गेली तो हिशेब. त्या एका आकड्यावर ट्रक ड्रायव्हरची अब्रू असते.

आणि अब्रूचं कारण विचारलं की ते एकच सांगायचे. "उतार आला का न्यूट्रल. उतार देवानं फुकट देल्ला आहे. तिथीबी डिझल जाळते तो डायवर नाही, बेवडा आहे."

उतार लागला की गिअर काढून घ्यायचा आणि गाडी आपल्या वजनानं खाली सोडायची, ही त्यांची विद्या. जुन्या गाड्यांत तर ते इंजिनच बंद करून उतरायचे. मी त्यांना अनेक वर्षं पाहिलं आहे, म्हणून सांगतो. त्यांचा एवरेज खरा होता, पण कारण खोटं होतं. तो माणूस गाडी हलक्या पायानं उचलायचा, पुढचा चढ लांबून ओळखायचा, टायरची हवा रोज सकाळी पाहायचा, आणि जेवायला उतरला तर इंजिन बंद करूनच उतरायचा. डिझेल तिथे वाचत होतं. त्यांना मात्र वाटायचं, ते उतारावर वाचतं. आपण कशामुळे जिंकलो हे माणसाला कळत नाही, आणि मग तो नेमकी चुकीची गोष्ट पुढच्याला शिकवतो.

त्यांनी ती हेमंतला शिकवली. हेमंत रामाकोन्याचा. गाडी चालवायला त्यांच्याच शेजारी बसून शिकला, आणि शिकता शिकता त्यांच्या मुलीच्या, वृषालीच्या, मनात भरला. लग्न झाल्या दिवसापासून प्रभाकरभाऊ त्याला 'अबे हेमंत'ऐवजी 'जवाईबापू' म्हणू लागले, आणि तो त्यांना 'उस्ताद'ऐवजी 'मामाजी'. डोळे अधू झाले आणि लायसन नव्यानं मिळेना, तेव्हा त्यांनी आपली जागाच हेमंतला देवविली. ज्या ट्रकमालक सेठकडे ते होते, त्याचीच नवी चौदा चाकी गाडी, परासियाकडचा कोळसा भरायचा, सिल्लेवानीचा घाट उतरायचा आणि सौंसरवरून नागपूरकडे निघायचं. म्हातारे मग रामाकोन्याला लेकीकडेच राहू लागले. दिवस काढायला ते कधी माझ्या पंपावर बसत, कधी घाटाच्या पायथ्याच्या चहाटपरीवर.

याच सुमारास एक नवीनच खूळ आलं. सेठ ज्या मोठ्या कंपनीचा कोळसा वाहतो, तिनं विचारायला सुरुवात केली की टनामागे तुमच्या गाड्या किती डिझेल जाळतात, किती कार्बन हवेत सोडतात. कमी केलात तर ठेका टिकेल. हेतू चांगला होता, नाही असं मी म्हणणार नाही. पण वरून कार्बन म्हणून निघालेला हुकूम खाली ड्रायव्हरपर्यंत येईस्तोवर एवरेजची शर्यत होऊन बसला. सेठनं जाहीर करून टाकलं की महिन्यात ज्याचा एवरेज सगळ्यात चांगला, त्याला बक्षीस, आणि ज्याचा सगळ्यात खराब, तो गाडीवरून खाली. गाडीत माल किती कोंबायचा, खाणीवर किती तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहायचं, यावर सेठ एक अक्षर बोलला नाही. ते त्याच्या हातातलं होतं ना!

सेठनं माझ्या पंपाच्या मागच्या शेडमध्ये ड्रायव्हरांची एक शिकवणीही ठेवली. गाडीच्या कंपनीकडून गजेंद्र नावाचा तरणा इंजिनिअर आला. ड्रायव्हर समोसे खात बसले होते. गजेंद्र म्हणाला, एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बनचा गॅस हवेत जातो.

प्रभाकरभाऊ मागच्या बाकावर होते. ते उठले. "साहेब, लिटरभर डिझलचं वजन किलोभरबी भरत नाही. त्याच्यातून अडीच किलो कसा निंगते? गाय शेरभर चारा खाऊन अडीच शेर शेण टाकते का?"

शेड हसण्यानं दणाणली. पोरगं बिचारं चिडलं नाही. डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन हवेचं असतं, असं त्यानं नीट समजावलं. पण हशा झाल्यावर कोण ऐकतो? मग तो उतारावर आला. म्हणाला, या नव्या गाड्यांत उतारावर गिअर ठेवून पाय उचलला की चाकंच इंजिनला फिरवतात आणि डिझेल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलं तर इंजिनला स्वतः चालू राहावं लागतं, म्हणून ते पीत राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही, उलट जातं. धूरही जास्त. आणि गाडी धरून ठेवणारं इंजिन सुटलं की सगळा भार एकट्या ब्रेकवर. घाटात ब्रेक तापले, की संपलं.

यावर कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मान वळवून प्रभाकरभाऊंकडे पाहिलं.

"माह्या जिंदगीभराच्या एवरेजले हे लेकरू खोटं पाडून राहिलं," ते म्हणाले आणि समोसा तसाच टाकून निघून गेले.

हेमंत मात्र शिकवणी संपल्यावर गजेंद्रजवळ उभा राहून बराच वेळ विचारत होता. त्याला पटलं होतं. घरी जाऊन त्यानं वृषालीला सगळं सांगितलं, आणि वृषालीनं पुढच्याच शनिवारी त्याला जामसावळीला नेऊन मारुतीपुढे शपथ घ्यायला लावली की घाट गिअरमध्येच उतरायचा. नवऱ्याकडे बोट दाखवून तिनं बापालाही बजावलं. "बाबा, आता यायले न्यूट्रलचं काई सांगू नका. मी यायच्याकडून शप्पथ घेतली आहे."

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली म्हाताऱ्याची गत. त्या महिन्यात हेमंतचा एवरेज खाली आला. न्यूट्रल सोडलं हे त्याचं कारण नव्हतं. खाणीवर रांग लांब होती, तासन् तास इंजिन चालू ठेवून गाडी इंच इंच पुढे घ्यावी लागत होती. पण आकडा तो आकडा. सेठच्या मुनीमानं पंपावर चारचौघांत वाचून दाखवलं की हेमंत शेवटून दुसरा. प्रभाकरभाऊ तिथेच खुर्चीवर होते.

"आमचे जवाईबापू शाळा शिकून आले न," ते म्हणाले. "देवानं देल्लेला उतारबी पैशे देऊन उतरून राहिले."

पंधरा माणसं हसली. हेमंतही हसला. पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की खुर्ची ओढून घ्यावीशी वाटली. सासऱ्यानं जावयाला चारचौघांत असं बोलू नये. दुसऱ्या दिवशी हेमंतनं गाडी चिंधूच्या दुकानावर लावली. चिंधू म्हणजे पंपाला लागून असलेल्या टपरीतला ब्रेकवाला, चाकाच्या ड्रममध्ये घासणारे लायनर बदलणं आणि ब्रेक कसून देणं एवढंच काम तो तीस वर्षं करतोय. त्यानं नवीन लायनर टाकले, ब्रेक कसले, गाडी मैदानात एक फेरी मारून पाहिली. हेमंत त्याला म्हणाला, "काका, जरा चांगलं कसून द्या, आता ब्रेकवर जास्त काम पडन." चिंधूला वाटलं, माल जास्त भरतात म्हणून बोलला असेल.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी हेमंतची गाडी घाटाच्या शेवटच्या वळणावर सुटली.

प्रभाकरभाऊ तेव्हा पायथ्याच्या चहाटपरीवरच होते. टपरीवाला रोहित सांगतो, आधी जळक्या लायनरचा वास आला, मग हॉर्नचा एक लांबच लांब आवाज, मग धाडकन. कोणाची तरी मोटरसायकल घेऊन दोघं वर गेले. गाडी दरडीला आपटून कुशीवर पडली होती. कोळसा रस्ताभर पसरला होता, आणि आसपासची माणसं पोती घेऊन तो भरायला धावत होती. हेमंत केबिनमध्ये अडकलेला होता आणि लोक आपले कोळसा भरत होते! मला हे ऐकून आजही संताप येतो.

म्हातारे कोणाचं न ऐकता फुटलेल्या काचेतून आत शिरले. हातापायाला काचा लागून रक्त आलं, तरी बराच वेळ ते आतच होते. मग त्यांनी आतून आरोळी दिली, लोकांनी सब्बल लावून दार उचकटलं, हेमंतला बाहेर काढलं. तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, जागेवरच गेला असावा. रोहितचं म्हणणं होतं, काचेतून पाहिलं तेव्हा हेमंतचं बोट हललं. बाकीचे म्हणाले, तुला भास झाला. पण साठीच्या पुढचा, डोळ्यांनी अधू माणूस जावयासाठी त्या सांगाड्यात शिरला, ही गोष्ट मात्र चार गावांत झाली.

पोलीस आले तेव्हा गाडी गिअरमध्ये होती. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. लायनर जळून काळेठिक्कर पडले होते. मग सरळच होतं. ड्रायव्हर बरोबर होता, इंजिन गाडी धरून होतं, तरीही ब्रेक निकामी झाले. म्हणजे ब्रेकवाल्यानं नकली लायनर टाकले, नाहीतर कसण्यात हयगय केली. सेठनंही हेच लावून धरलं, कारण मग जास्त भरलेल्या मालाबद्दल कोणी विचारणार नव्हतं.

वृषालीचं रडणं मी पाहिलं आहे. पण त्या रडण्यातही तिला एक गोष्ट धरायला होती. तेरवीपर्यंत ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "यायनं शप्पथ मोडली नाही. गाडी गिअरमधीच होती. पोलिसायनं लिवलं आहे." प्रभाकरभाऊ जवळच भिंतीला टेकून बसलेले असायचे. ते काही बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, दुःखानं वाचा बसली.

एक दिवस ती तडक चिंधूच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, तुमच्या हातानं माह्या घराचं वाटोळं झालं. तुमाले झोप कशी येते?" चिंधू हातातला पाना धरून तसाच उभा. त्याची बायको कलाबाई मधे पडली, हात जोडून म्हणाली, "बाई, माह्या माणसानं आजवर कोणाच्या गाडीत खोटा माल नाही टाकला." वृषाली तिच्या पायाजवळ थुंकून निघून गेली. एरवी ती पोरगी कोणाला उलट बोलणारी नव्हती.

ड्रायव्हर चिंधूकडे यायचे बंद झाले. आधी सेठच्या गाड्या, मग बाकीच्यांच्या. मी दोघातिघांना म्हटलं, अरे तीस वर्षं या माणसाच्या ब्रेकवर घाट उतरलात, आज काय झालं? ते म्हणाले, मॅनेजरसाहेब, तुमाले उतरायचं नसते. तेही खरंच. चिंधू सकाळी दुकान उघडायचा आणि रिकाम्या ड्रमवर बसून राहायचा. मग तो विचित्र बोलायला लागला. हात डोळ्यांसमोर धरून म्हणायचा, "मागच्या डाव्या चाकाचं मीच कमी कसलं असन. वय झालं. ध्यानात नसन राह्यलं." कलाबाई रडायची, मी ओरडायचो, पण दर दिवसाला त्याला ते जास्तच खरं वाटू लागलं. न केलेली चूक त्यानं आपल्या आठवणीत स्वतःच्या हातानं बसवली.

मग पोलीस त्याच्या दुकानाचा पंचनामा करायला आले. हवालदारानं चिंधूचं म्हणणं लिहून घ्यायला कागद काढला. वृषाली आली होती. आपल्या डोळ्यांदेखत व्हावं असा तिचा हट्ट होता. प्रभाकरभाऊ तिच्यामागे. मी पंप पोरांवर सोडून तिथे उभा होतो, पाच-सात ड्रायव्हरही जमले होते. हवालदारानं विचारलं, "काम बरोबर केलं होतं का?"

चिंधू म्हणाला, "लिवा साहेब. चूक माहीच आहे. माह्याच हातून ब्रेक ढिले राह्यले."

"नाही!" प्रभाकरभाऊ एवढ्या मोठ्यानं ओरडले की हवालदाराचा पेन खाली पडला. "त्याचे ब्रेक बरोबर होते. गाडी न्यूट्रलमधी होती."

कोणाला काही कळेना. हवालदार म्हणाला, "काका, आमी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, गिअर लागेल होता."

"मी टाकला," प्रभाकरभाऊ म्हणाले. "मंदी गेलो तवा लिव्हर न्यूट्रलमधी होता. हातानं क्लच दाबला अन् गिअर टाकला. लोक म्हणतीन, न्यूट्रलनं मेला. म्हणतीन, सासऱ्यानं शिकवलं म्हून मेला. अन् पोरगी..." ते वृषालीकडे पाहू शकले नाहीत. "पोरगीले वाटन, शप्पथ मोडली."

चिंधू आपल्या रिकाम्या ड्रमवर बसला. त्याचे हात गुडघ्यावर पडले होते आणि तो त्यांच्याकडे असा पाहत होता जसं काही कोणी नेलेली आपली वस्तू परत आली. कलाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. म्हाताऱ्याला एक तोंडात ठेवून द्यावी असंही वाटलं, आणि त्याला धरून खुर्चीवर बसवावं असंही.

वृषाली रडली नाही. मला वाटलं, आता ही बापाला विचारेल की तुम्ही का शिकवलं, का हसलात त्या दिवशी चारचौघांत. किंवा कलाबाईच्या पाया पडेल. ती पुढे झाली, बापाच्या अगदी समोर उभी राहिली, आणि हळूच, जणू एखादी हरवलेली वस्तू कुठे ठेवली असं विचारावं, तशा आवाजात बोलली.

"बाबा, तुमी मंदी गेले तवा आधी कोणाले हात लावला? यायले का गिअरले?"

प्रभाकरभाऊंनी काचांचे वण असलेले हात पाठीमागे घेतले. बोट हललेलं पाहिलं म्हणणारा रोहितही त्या घोळक्यात होता, त्यानं मान खाली घातली.  तिनं वाट पाहिली. ट्रकमागून ट्रक पंपावर येत होते, पोरं मला हाका मारत होती, तरी ती वाट पाहत उभी होती. मग ती वळली आणि रामाकोन्याच्या जीपमध्ये जाऊन बसली, आणि बाप जीपजवळ आला तेव्हा तिनं आतून दार ओढून घेतलं.